म्हशीची बाजू

दुसऱ्याची बाजू कशी बघावी हे शिकवू शकेल असा माणूस अख्ख्या देवासात एकच आहे, अशी नीलकंठ मास्तरांची खात्री होती. तो कोण, हे ते स्वतःच्या तोंडाने कधी सांगत नसत. समोरच्याने सांगेपर्यंत नुसते थांबत!

"मुलं पाढे म्हणतात, कविता म्हणतात, पण शेजाऱ्याला काय वाटतं हे एकालाही सांगता येत नाही," ते बायकोला म्हणाले. "महिनाभरात बघ. एकेक पोरगा दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बाहेर येईल!"

चारुलताबाई ट्रंकेत लुगडी भरत होत्या. "शिरू देत," त्या म्हणाल्या. "पण आपण धारेला निघायचं कधी?"

"अगं, निघू. आधी हा प्रयोग होऊ दे."

सन १९०९चा वैशाख होता. चारुलताबाईंच्या धाकट्या बहिणीचं, लतिकेचं, धारेला लग्न होतं. मुहूर्त पुढल्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारचा. नवरीच्या मागे करवली म्हणून उभी राहणार ती सख्खी बहीण, आणि सख्खी बहीण एकच. देवासहून धार म्हणजे बैलांच्या दमणीने तीन मुक्काम. एकट्या बाईने तीन मुक्काम करायचा तो काळ नव्हता, म्हणजे मास्तर हलल्याशिवाय करवली हलणार नव्हती. ट्रंक निघायच्या आठ दिवस आधीच भरून दाराशी आली, आणि मास्तर येता-जाता तिला अडखळत होते.

आता देवासचं थोडं सांगायला हवं. गाव एक, पण पात्या, म्हणजे राज्याचे वाटे, दोन. राजे दोन, कचेऱ्या दोन, शिपाईही दोन तऱ्हेचे. रस्त्याच्या या कडेचा माणूस एका राज्यात आणि त्या कडेचा दुसऱ्यात. त्यातली थोरली पाती कुठली नि धाकटी कुठली हे इथे लिहीत नाही, अजून माणसं रागावतात. आपण अलीकडची हद्द आणि पलीकडची हद्द म्हणू. मास्तरांच्या शाळेसमोर एक बोळ होता आणि हद्द त्याच्या बरोबर मधून गेली होती. मास्तरांना प्रयोगासाठी याहून चांगली जागा मिळती ना!

सकाळची शाळा भरली. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं : 'बोळात म्हैस बसली आहे. तोंड पलीकडच्या हद्दीत. शेपूट अलीकडच्या हद्दीत.'

"आता सांगा," खडू झटकत ते म्हणाले, "शेण कोणाचं?"

वर्गात एकच गिल्ला झाला. अलीकडची पोरं म्हणाली, आमच्यात पडलं ते आमचं. पलीकडची म्हणाली, चारा आमच्यात खाल्ला, मग शेण तुमचं कसं? दोघं बाकावर चढले, एकाची टोपी खिडकीतून बोळात गेली, आणि ती नेमक्या कुठल्या हद्दीत पडली यावरून दुसरा वाद निघाला.

"बस्स!" मास्तर ओरडले. "हेच! हेच मला नको आहे! आता प्रत्येकाने उलटी बाजू घ्यायची. अलीकडच्याने पलीकडचं व्हायचं. मानाजी, तू म्हशीची मालकीण. नाव भवानीबाई, वस्ती पलीकडची हद्द."

मानाजी हा अलीकडच्या कचेरीतले कारकून जगदेवराव यांचा मुलगा. अंगाने आडदांड, सातच्या पाढ्याशी त्याचं जन्माचं वैर.

"मास्तर, मी पलीकडच्या बाईसारखा बोललो तर बाबा हाणतील!"

"बोलायचं नाही. लिहायचं! तिच्या वतीने अर्ज लिहून आण."

मग मास्तरांनी बाकीची नावं फळ्यावर लिहून एकेक वाटून दिलं. कोणी बोळातून जाणारा गाडीवान झाला, कोणी घसरून पडलेला शेजारी, कोणी झाडूवाला. फळ्यावर शेवटी एकच नाव उरलं.

"म्हशीची बाजू कोण घेणार?"

मागच्या बाकावरून कोणी तरी हंबरलं, तेवढंच.

"अरे, घ्या कोणी तरी!"

"नहीं मास्तर," मानाजीने सगळ्यांच्या वतीने सांगितलं. "जनमभर नाव पडेल! माझ्या थोरल्या भियाला एकदा नाटकात गाढव केलं होतं, त्याचं लग्न ठरेना!"

मास्तरांनी फडकं उचललं आणि ते नाव पुसून टाकलं. "राहू दे. म्हशीला कसली आलीय बाजू!"

घरी जेवताना त्यांनी ही सगळी हकिगत बायकोला रंगवून सांगितली. चारुलताबाईंनी आमटी वाढली आणि विचारलं, "आणि धारेचं?"

"अगं, अर्ज तपासून होऊ देत!"

दुसऱ्या दिवशी अर्ज आले आणि मास्तर थक्क झाले. या पोरांना गाईवर चार ओळी लिहायला सांगितलं तर सहा चुका करत. पण अर्ज! घराघरात बाप कारकून, आजा कारकून, पाळण्यातल्या पोरालाही 'विनंती अर्ज ऐसाजे' ऐकूनच झोप लागायची. मानाजीचा अर्ज तर झोकदार मोडीत, समास सोडून, मायन्यासकट :

'अर्जदारीण भवानीबाई, वस्ती पलीकडील हद्द, विनंती अर्ज करिते ऐसाजे, अर्जदारणीची म्हैस रास एक, रंग काळा, शिंगे वळलेली, बोळात बसली असता अलीकडील हद्दीचे लोक तिचे शेपटाकडील भागावर हक्क सांगून रोजचे शेण परभारे नेतात. सबब हुजुरांनी बंदोबस्त करावा.'

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. जगदेवरावांचा मुलगा पलीकडच्या बाईसाठी एवढा कळवळला! खरेपणा यावा म्हणून त्यांनी प्रत्येक अर्जाखाली साक्षीदार लिहितो तसं 'समक्ष' लिहून आपली लफ्फेदार सही ठोकली. वर तारीखही घातली. मुलं हरखली. मास्तर त्याहून हरखले.

मानाजीने तो कागद घरी नेऊन बापाच्या मेजावर ठेवला. हेतू हा, की बाबांनी अक्षर बघून पाठ थोपटावी. जगदेवरावांनी अक्षर बघितलं नाही, पाठही थोपटली नाही. मेजावर असेल ते सगळं रुमालात बांधायचं आणि कचेरीत न्यायचं, ही त्यांची वीस वर्षांची रीत. त्यांनी बांधलं आणि नेलं.

कचेरीत रुमाल सुटला. कागद निघाला. मायना पलीकडच्या कचेरीच्या नावाचा! आता दुसऱ्याचा कागद आपल्या दप्तरात सापडला तर काय करायचं, याला नियम होता. आधी नंबर घालायचा, मग 'चुकून आला, सबब रवाना' असा शेरा मारायचा आणि शिपायाबरोबर पाठवून द्यायचं. अर्जाला नंबर पडला दोनशे चौदा.

पलीकडच्या कचेरीत यशवंतराव म्हणून कारकून होते. तेही नियमाचे पक्के. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि त्यांच्या कपाळाची शीर उडू लागली. "आमच्या रयतेचा अर्ज, आमच्या आधी यांच्या हातात! आणि वर नंबर घालून आम्हालाच पाठवतात!" त्यांनी आपला नंबर घातला आणि जाब मागितला. अलीकडून उत्तर गेलं, की म्हशीचं शेपूट आमच्या हद्दीत असल्याने कागद प्रथम आमच्याकडे येणं रीतीला धरूनच होतं. पलीकडून आलं, की तोंड आमच्याकडे, आणि कुठलंही जनावर तोंडावरूनच ओळखतात. चार दिवसांत त्या कागदाची जाडी पंचांगाएवढी झाली.

मास्तरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते वर्गात पुढचा पाठ घेत असताना दारात दोन शिपाई उभे राहिले. एक अलीकडचा, एक पलीकडचा. दोघांच्या हातात एकाच मजकुराचे दोन कागद : 'शुक्रवारी सकाळी बोळात म्हशीचा पंचनामा आहे. समक्षदार नीलकंठ मास्तर यांनी हजर राहावे. प्रकरणाचा निकाल लागेतो त्यांनी गाव सोडू नये.'

"कुठली म्हैस?" मास्तरांनी विचारलं.

"ते तुम्हाला माहीत," अलीकडचा शिपाई म्हणाला.

"सही तुमचीच है," पलीकडच्याने दुजोरा दिला. त्या दोघांचं एकमत झालेलं मास्तर प्रथमच पाहत होते.

मास्तर पगडी सावरत जगदेवरावांच्या घरी धावले. "जगदेवराव, अहो, म्हैस नाहीच! तो शाळेतला खेळ होता! मुलांनी दुसऱ्याची बाजू—"

जगदेवरावांनी दार लोटून घेतलं. "हळू बोला, मास्तर! नाही कशी? नंबर पडलाय!"

"पण ती मी खडूने काढली होती!"

"नंबर पडला की खलास! आता म्हैस नाही म्हणालात तर काय होईल? खोटा अर्ज, खाली समक्ष म्हणून तुमची सही. मास्तरकी गेली! आणि तो कागद कचेरीत आणला कोणी? मी! म्हणजे माझीही गेली. त्यापेक्षा म्हैस असलेली काय वाईट?"

"पण मला धारेला जायचंय हो! लग्न आहे!"

"मग लवकर म्हैस आणा," जगदेवराव कळकळीने म्हणाले. "पंचनामा झाला की तुम्ही मोकळे."

मास्तर घरी आले ते तोंड पाडून. चारुलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकदा ट्रंकेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"म्हणजे म्हैस बसल्याशिवाय आपण उठायचं नाही," त्या म्हणाल्या.

"अगं, माझी बाजू तर समजून घे!"

"ती रोजच समजून घेते," असं म्हणून त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता.

बोळाच्या टोकाला यमुनाबाई गवळण राहायची. तिच्याकडून मास्तरांनी एक म्हैस शुक्रवारपुरती मागून आणली. कशाला हवी हे सांगितलं नाही, आणि हीच मोठी चूक झाली.

शुक्रवारी सकाळी बोळात मधोमध चुन्याची रेघ मारली गेली. रेघेच्या या बाजूला जगदेवराव, त्या बाजूला यशवंतराव, दोघांच्या हातात टाक, मागे पंच, आणि दोन्हीकडच्या ओट्यांवर अर्धं गाव. शाळेच्या खिडक्यांत मास्तरांचे विद्यार्थी घोसाने लोंबत होते. मास्तरांनी म्हैस रेघेवर आणून उभी केली.

"बसवा," यशवंतराव म्हणाले.

म्हैस बसेना. मास्तरांनी गोंजारलं, चुचकारलं, पाठीवर हात दाबून पाहिला. मुलांना बस म्हणायची त्यांना सवय होती, त्या आवाजातही सांगून पाहिलं. वर्गातली सगळी मुलं पटकन बसली. म्हैस उभीच!

शेवटी तिची तीच बसली. तोंड अलीकडे, शेपूट पलीकडे.

"उलटी बसली!" जगदेवराव किंचाळले. "अर्जात तोंड पलीकडे आहे!"

"असू द्या," यशवंतराव घाईघाईने लिहू लागले, कारण त्यांच्या ध्यानात आलं की आता शेण आपल्या हद्दीत येतं. "म्हशीने समक्ष शेपूट पलीकडील हद्दीत ठेवले—"

तोवर खिडकीतून मानाजी ओरडला, "बाबा, शेपूट पलीकडेच राहू द्या! भवानीबाईवर अन्याय होतोय!"

जगदेवरावांच्या हातातला टाक गळला. स्वतःचा मुलगा, भर बोळात, पलीकडची बाजू घेतो! लगेच दुसऱ्या खिडकीतून पलीकडच्या पोरांनी अलीकडचा कैवार घेतला. मुलं मास्तरांनी शिकवलं होतं तस्संच, जीव तोडून, उलट्या बाजूने भांडत होती आणि त्यांचे बाप ओट्यांवरून एकमेकांच्या मुलांना शाबासकी आणि स्वतःच्या मुलांना शिव्या देत होते. प्रयोग इतका यशस्वी होईल असं मास्तरांनाही वाटलं नव्हतं. त्या क्षणी मात्र त्यांना भिंतीत शिरावंसं वाटत होतं.

एवढ्यात यमुनाबाई कमरेवर हात ठेवून गर्दीतून पुढे आली.

"ओ मास्टरजी! दूध काढवा को टेम हुई गयो! म्हारी भैंस लाव!"

"तुझी?" दोन्ही कारकून एकदम वळले. "मग भवानीबाई कुठे आहे?"

"कुण भवानीबाई? यां कोई भवानीबाई नी रे!" असं म्हणून यमुनाबाईने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. इतका वेळ अडून बसलेली म्हैस शहाण्या मुलीसारखी उठली आणि चुन्याची रेघ पुसत घरी गेली.

पंचनाम्यात शेवटची ओळ पडली : 'मूळ म्हैस व अर्जदारीण भवानीबाई यांस समक्षदाराने पुढील शुक्रवारी हजर करावे.'

पुढचा शुक्रवार म्हणजे लग्नाचा दिवस.

मास्तरांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा चारुलताबाई रडल्या. ओरडल्या असत्या तर मास्तरांनी काही तरी उत्तर दिलं असतं. पण त्या ट्रंकेवर बसून पदर तोंडाला लावून रडल्या आणि म्हणाल्या, "लती मांडवात मागे वळून बघेल हो. तिथं दुसरंच कोणी उभं असेल." मास्तर बाहेर जाऊन ओट्यावर बसले आणि भवानीबाई नावाची बाई कुठे मिळेल याचा विचार करू लागले.

शनिवारी मानाजी घरी आला. मास्तर आपल्याला झोडणार या भीतीने तो मागच्या दाराने आला होता. चारुलताबाईंनी त्याला स्वयंपाकघरात बसवून लाडू दिला आणि बराच वेळ हळू आवाजात त्याच्याशी काही बोलत होत्या. मास्तरांना वाटलं, बिचारी पोराची समजूत घालतेय.

सोमवारी सकाळी पुन्हा दोन शिपाई दारात! मास्तरांनी देवाचं नाव घेऊन कागद उघडले. दोन कागद, मजकूर एकच :

'अर्जदारीण भवानीबाई हिचा दुसरा अर्ज पोचला. म्हैस धार मुक्कामी आपले माहेरी गेली असून अर्जदारीणही तिजबरोबर गेल्याचे समजते. परसंस्थानात गेलेल्या म्हशीबाबत उभय कचेऱ्यांस येथून काही करता येत नाही. सबब समक्षदार नीलकंठ मास्तर यांनी आजच निघून धारेस जावे, म्हैस पोचल्याची खातरजमा करावी व परत येऊन कळवावे. कसूर होऊ नये.'

मास्तरांनी कागद तीनदा वाचला. दोन्ही कचेऱ्या एका म्हणण्यावर आल्या होत्या! म्हैस दुसऱ्याच राज्यात गेल्याचा आनंद अक्षराअक्षरातून सांडत होता.

"अगं! ऐकलंस का? म्हैस धारेला गेली!"

"हो का?" चारुलताबाई चूल विझवत म्हणाल्या. "मग दमणी बोलवा. मी तयारच आहे."

दमणी देवास सोडून इंदूरच्या वाटेला लागली. टेकडी मागे पडली तरी मास्तर पुटपुटतच होते. "नसलेली बाई, नसलेली म्हैस, आणि दुसरा अर्ज करते! लिहिला कोणी?"

"मानाजीने. मी सांगितला, त्याने मोडीत उतरवला. मग बापाच्या मेजावर ठेवून आला. जगदेवराव मेजावरचं सगळं बांधून नेतात, हे तुम्हीच नव्हतं का सांगितलं?"

मास्तर दमणीतून पडायचे राहिले! "तू? आणि हे म्हैस माहेरी जाण्याचं सुचलं कसं तुला?"

चारुलताबाई बैलांच्या शिंगांकडे बघत म्हणाल्या,

"सुचायचं काय त्यात? तुम्हीच म्हणता, दुसऱ्याच्या जागी बसून बघावं. गाडीवानाची बाजू झाली, शेजाऱ्याची झाली, झाडूवाल्याची झाली. एकटी म्हैस उरली होती. तिची बाजू कोणी घेईना, म्हणून मी घेतली. दहा दिवस एका जागी अडकवलेली, तोंड कुठे आणि शेपूट कुठे यावर सगळे भांडतायत, आणि तिला कुठे जायचंय हे एकानेही विचारलं नाही. मला कळायला वेळ लागला नाही."

पुढच्या नाल्याशी चढण आली तसे मास्तर कोणी न सांगता खाली उतरले आणि बैलांना ओझं नको म्हणून, निदान गाडीवानाला तसं सांगून, बराच वेळ मागून चालत राहिले.

गुरुवारी धार गाठली. शुक्रवारी मुहूर्ताला लतिकेने मागे वळून पाहिलं, आणि मागे करवली उभी होती. मास्तरांनी अक्षता टाकताना डोळे पुसले आणि धुराचं निमित्त सांगितलं. धूर तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता.

लग्न आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी मास्तरांनी निघायची गोष्ट काढली. चारुलताबाईंनी ऐकून घेतली आणि ट्रंक माडीवर नेऊन ठेवली. मास्तर एकटेच देवासला परतले.

आल्या आल्या त्यांना बोळात उभं करण्यात आलं. रेघेच्या या बाजूला जगदेवराव, त्या बाजूला यशवंतराव, दोघांच्या हातात टाक.

"म्हैस माहेरी पोचली?" जगदेवरावांनी विचारलं.

"पोचली."

"सुखरूप?"

"फार खुशीत आहे."

दोघांनी लिहून घेतलं. मग यशवंतरावांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. "परत कधी येणार, एवढं नोंदवून घेतो, म्हणजे कागद दाखल दफ्तर करायला बरा."

मास्तरांनी सकाळी स्वतःच्या हाताने भात केला होता. तो खाली करपला होता आणि वर कच्चा राहिला होता.

"ती म्हणेल तेव्हा," मास्तर म्हणाले.

दोन्ही कारकुनांनी तेही लिहून घेतलं आणि वर नंबर घातला.